हरळी उपटणाऱ्या हातांनी हरळी जपताना

पऱ्हाटीच्या वावरात निंदायला बसलं की आई एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायची: हरळीची एक कांडी जरी मातीत राहिली तरी पुढच्या पावसात ती अख्खं तास, म्हणजे पिकाची पूर्ण ओळ, खाते. हरळी आणि कुंदा हे आमच्या घरचे जुने वैरी. उपटलेली हरळी आम्ही धुऱ्यावरही टाकत नसू. उन्हात वाळवून जाळायचो, कारण ओल मिळाली की पडलेली कांडीसुद्धा मूळ धरते.

बारावीनंतर नागपूर जिल्ह्यातल्या एका मोठ्या रिसॉर्टवर मैदानाच्या कामाला लागलो. पहिल्या दिवशी सुपरवायझरांनी नऊ होलचं गोल्फचं मैदान फिरवून दाखवलं. मी खाली वाकून गवताला हात लावला. ती हरळीच होती. त्यांनी सांगितलं की तिला बर्म्युडा ग्रास म्हणतात आणि ग्रीनसाठी, म्हणजे भोकाभोवतीच्या बारीक कापलेल्या भागासाठी, तिच्या खास संकरित जाती असतात. ज्या गवतापायी आईची कंबर धरायची, ते जगवण्याचा मला पगार मिळणार होता. त्या दिवशी मला फार बरं वाटलं, कारण एवढ्या परक्या जागेत निदान एक गोष्ट तरी माझ्या ओळखीची निघाली.

आता सात वर्षं झाली. दोन वर्षं मैदानावर, दोन वर्षं कॅडी म्हणून, म्हणजे खेळाडूची पिशवी उचलून त्याला मदत करायला, आणि पुढे पाहुण्यांना फिरवणाऱ्या, खेळ शिकवणाऱ्या ॲक्टिव्हिटी विभागात. दिवाळीच्या आसपास आजूबाजूच्या गावांतली पोरं-पोरी विचारायला येतात. प्रश्न ठरलेला असतो: “भाऊ, इंग्रजी येत नाही, गोल्फ कधी पाहिला नाही, आमचं जमंल का जी?” त्यांच्यासाठी हे लिहितोय.

आधी खेळ थोडक्यात समजून घ्या. पूर्ण मैदानाला 18 होल, म्हणजे चेंडू भोकात घालायचे टप्पे, असतात. आमच्यासारख्या छोट्या मैदानाला 9, मग पूर्ण डाव खेळायचा तर तेच दोनदा फिरायचं. चेंडू जिथून मारायला सुरुवात होते ती टी, मधला कापलेला पट्टा फेअरवे, बाजूचं उंच गवत रफ, वाळूचे खड्डे ते बंकर, आणि शेवटी गालिच्यासारखं ग्रीन. ग्रीनवरच्या भोकाचा व्यास सव्वाचार इंच, म्हणजे 108 मिलिमीटर असतो. प्रत्येक होलला किती फटके लागावेत याचा अंदाज ठरलेला असतो, त्याला पार म्हणतात. तो 3, 4 किंवा 5 असतो. एक फटका कमी लागला तर बर्डी, एक जास्त लागला तर बोगी. खेळाडूला पिशवीत जास्तीत जास्त 14 क्लब, म्हणजे चेंडू मारायच्या काठ्या, ठेवता येतात. एवढं आलं की पहिला आठवडा निघतो. बाकीचे नियम मोबाइलवर मोफत मिळतात. रोज रात्री एक वाचा.

खरं काम गवताचं आहे आणि इथे आपण मागे नाही. ग्रीनवरचं गवत तीन-चार मिलिमीटरवर कापतात, फेअरवेवरचं बारा ते पंधरावर. त्यासाठी रील मोवर लागतो. तो कात्रीसारखा कापतो. साध्या पात्याच्या मशीनने शेंडे फाटतात आणि दुपारपर्यंत पांढरे पडतात. आपली काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा देते. तिच्यावर थेट ग्रीन करता येत नाही. म्हणून खाली निचऱ्याचे पाइप, त्यावर साधारण 10 सेंटिमीटर गिट्टी, आणि तिच्यावर 30 सेंटिमीटर वाळूचं मिश्रण असतं. पाणी खाली झरून जातं, मुळं कुजत नाहीत. म्हणजे वर हरळी आपली, पण तिच्या पायाखालची जमीन नदीकाठची. एवढं लक्षात ठेवलंत की पाणी देताना चूक होणार नाही.

माझ्याकडून झाली होती. पहिल्या एप्रिलमध्ये दुपारी ग्रीन निळसर, सुकलेलं दिसलं. वावरातल्या सवयीने मी संध्याकाळी भरपूर पाणी सोडलं, पुढच्या संध्याकाळीही सोडलं. गवत रात्रभर ओलं राहिलं आणि आठवड्यात त्याच्यावर बुरशीचे गोल डाग पडले. तेव्हा सुपरवायझरांनी मला शेजारी बसवून समजावलं. मुख्य पाणी पहाटे, मुळापर्यंत जाईल असं. दुपारी पारा 44-45 वर गेला की फक्त पानं गार होतील एवढा हलका फवारा, दोन-चार मिनिटांचा. सकाळचं दव लांब काठीने झाडून टाकायचं, कारण पान जितकं जास्त वेळ ओलं तितकी बुरशी जास्त. थंडीत रात्री पारा 10 च्या खाली गेला की हरळी पिवळी पडून झोपते. तेव्हा पाण्याचा आणि खताचा मारा करू नका.

दुसऱ्या वर्षी आपलं ज्ञान कामी आलं. फेअरवेवर रानडुकरं रात्री येऊन नांगरल्यासारखी जमीन उकरायची. सगळे कुंपणाचंच बोलत होते. मी एक ढेकूळ फोडून पाहिलं तर आत हुमणीच्या अळ्या होत्या. डुकरं त्यांच्यासाठीच येत होती. आमच्या गावात पहिल्या पावसानंतर संध्याकाळी कडुनिंबावर आणि बाभळीवर हुमणीचे भुंगेरे जमतात. आम्ही फांद्या हलवून ते पाडायचो आणि रॉकेलच्या पाण्यात टाकायचो. मी तेच सुचवलं. त्या जूनमध्ये आम्ही रोज अंधार पडला की मैदानाकाठची झाडं हलवली, प्रकाश सापळे लावले. कुंपणही दुरुस्त केलंच. पुढच्या हिवाळ्यात उकरलेले पट्टे खूप कमी होते. म्हणून नव्या मुलांना सांगतो, घरी शिकलेलं मिटिंगमध्ये बोला. लाजू नका. इथे पदवीधर माणसं आहेत, पण त्यांतल्या प्रत्येकाने भुंगेरे वेचलेले नाहीत.

कॅडीच्या कामात पिशवी उचलणं हा सगळ्यात सोपा भाग. नजर चेंडूवर ठेवायची. चेंडू शोधायला 2019 पासून फक्त तीन मिनिटं मिळतात, आधी पाच मिळायची. चेंडू रफमध्ये गेला की मी लगेच त्याच्या सरळ रेषेतलं एखादं पळस किंवा दगड मनात धरतो, वावरात हरवलेलं विळं शोधताना धरायचो तसं. अंतर यार्डात सांगतात. यार्ड म्हणजे तीन फूट. स्वतःचं पाऊल एकदा टेपने मोजून ठेवा, म्हणजे पावलं मोजून अंतर सांगता येतं. पाहुणा फटका मारत असताना हलायचं नाही, आपली सावली त्याच्या रेषेवर पडू द्यायची नाही. चेंडू कोणाच्या दिशेने गेला तर लाज न बाळगता “फोर!” असं जोरात ओरडायचं. त्या एका शब्दाने डोकं वाचतं.

चेंडू उंचावरून पडला की ग्रीनवर खळगा होतो. तो काट्याने बुजवताना बहुतेक नवखे खालून माती वर उचकतात. तसं करू नका, मुळं तुटतात. कडेचं गवत चारही बाजूंनी मधे ढकला आणि वरून हलकं दाबा. बंकरमध्ये उतराल तेव्हा खालच्या बाजूने उतरा आणि निघताना आपली पावलं पुसून या.

कॅडीपण हे कमी प्रतीचं काम आहे असं गावात कोणी म्हणालं तर त्याला अली शेर यांचं नाव सांगा. दिल्लीत स्वतः कॅडी होते, आणि 1991 मध्ये इंडियन ओपन जिंकणारे पहिले भारतीय व्यावसायिक खेळाडू ठरले. मुलींच्या आई-वडिलांना मी अदिती अशोकबद्दल सांगतो. टोकियो ऑलिम्पिकमध्ये ती चौथी आली. आमच्याकडे आता तीन मुली कॅडी आहेत आणि ग्रीनचा उतार त्यांच्याइतका अचूक आमच्यात कोणी वाचत नाही.

एक प्रसंग मात्र सविस्तर सांगतो, कारण तो तुमच्यावरही येईल. मे अखेरची दुपार. ऊन रणरणत होतं आणि उमरेडच्या बाजूने काळं आभाळ चढत होतं. दोन पाहुणे सहाव्या होलवर होते, डाव रंगला होता. लांब गडगडलं. मी म्हणालो, “साहेब, थांबूया.” ते म्हणाले, “पाऊस कुठे आहे? हे होल संपवू.” माझ्या चुलत्याला विजेने वावरात नेलंय. मला तो आवाज ओळखता येतो. मी क्लब पिशवीत ठेवले, झेंडा उचलला आणि म्हणालो, “साहेब, पाऊस येण्याआधीच ती पडते. तुम्ही रागावलात तरी चालंल, पण मी तुम्हाला इथं उभं राहू देणार नाही.” ते रागावले. तरी आले. आम्ही पक्क्या इमारतीत पोचलो आणि दहा मिनिटांत पाचव्या होलजवळचं आंब्याचं झाड चिरलं.

खेळाच्या नियमांतही हे स्पष्ट आहे: विजेचा धोका वाटला तर खेळाडू स्वतः खेळ थांबवू शकतो, आणि लांब सायरन वाजला तर लगेच थांबावंच लागतं. झाडाखाली उभं राहायचं नाही, छत्री उघडायची नाही, आणि उघडी गोल्फ कार्ट म्हणजे आसरा नव्हे. शेवटच्या गडगडाटानंतर तीस मिनिटं बाहेर पडू नका. कोणत्याही मॅनेजरने “पाहुणा नाराज होईल” असं म्हटलं तरी या एका बाबतीत माघार घेऊ नका.

जनावरांचंही सांगून ठेवतो. रोही (नीलगाय) आणि चितळ पहाटे फेअरवेवर चरतात. त्यांना मोबाइलच्या उजेडाने बिचकवू नका, ती आपणहून जातात. रफमध्ये काठी आपटत चालायचं. घोणस जागची हलत नाही, सुक्या पानांत दिसतही नाही. चेंडू सापाजवळ किंवा मधमाश्यांच्या पोळ्याजवळ पडला तर नियमाप्रमाणे फटक्याचा दंड न घेता तो सुरक्षित जागी टाकता येतो. जनावराच्या बिळात गेला तरी तशीच मोकळीक आहे. हे पाहुण्याला माहीत नसतं, तुम्हाला असावं. उन्हाळ्यात टिटवी उघड्यावर अंडी घालते, कधी थेट फेअरवेच्या कडेला. आम्ही तिथे चार काड्या रोवून दोरी बांधतो आणि मशीन लांबून वळवतो.

गोल्फ खेळणारे पाहुणे थोडेच. बाकीचे कुटुंब घेऊन दोन दिवस मोकळ्या हवेत राहायला येतात, आणि त्यांच्यासाठी आमचा विभाग असतो. पहाटे पक्षी बघणं, दमणीतून फेरी, डिसेंबर-जानेवारीत गोवऱ्यांच्या आगटीवर हुरडा, रात्री आकाशदर्शन. दमणीत किती माणसं बसवायची हे बैलांकडे बघून ठरवा, पाहुण्यांच्या संख्येकडे बघून नव्हे, आणि मे महिन्यात अकरानंतर बैल जुंपूच नका. पाहुण्यांची मुलं विचारतात, “हे कापसाचं झाड आहे का?” तेव्हा एक बोंड हातात द्या, सरकी वेगळी करून दाखवा. माझ्या अनुभवात स्विमिंग पूलपेक्षा ते बोंड जास्त दिवस लक्षात राहतं. जेवणात सावजी रस्सा असेल तर आधी तिखट विचारून घ्या. वडा-भात आणि सांबारवडी (कोथिंबिरीची) मात्र बिनधास्त सुचवा. तलावावर किंवा पूलवर ड्यूटी लागली तर पोहता येतं एवढं पुरेसं नाही, प्रथमोपचार आणि छातीवर दाब देण्याचं प्रशिक्षण घ्या.

इंग्रजीचं काय? मला पहिल्या वर्षी वीस वाक्यं येत होती. मी वाक्यं पाठ करण्याऐवजी कामाचे शब्द पक्के केले: अंतर, दिशा, उतार, वारा, थांबा, सावध. पाहुण्याला स्वच्छ आवाजात दोन शब्द पुरतात. बाकी शिकत जाता येतं.

पुढे जायचं असेल तर दोन वाटा आहेत. आतिथ्याकडे जायचं तर राष्ट्रीय हॉटेल मॅनेजमेंट संस्थांची सामाईक प्रवेश परीक्षा द्या. गवताकडे जायचं तर कृषी किंवा उद्यानविद्या. अकोल्याचं डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ 1969 पासून आपल्यासाठीच आहे. मी नोकरी करता करता कृषी पदविका केली आणि त्यानंतर फवारणीचा हिशोब मला सुपरवायझरांना विचारावा लागला नाही. मैदान सांभाळणाऱ्या माणसाला देशभर काम मिळतं. गोल्फ आपल्याकडे नवा नाही, कोलकात्याचा क्लब 1829 चा आहे.

मुलाखतीत मात्र मान खाली घालून सगळ्याला हो म्हणू नका. विचारा: नेमणूक रिसॉर्टची की ठेकेदाराची? पगारातून पीएफ कापला जातो का, आणि मालकाचा वाटा भरला जातो का? मूळ पगाराच्या 12 टक्के आपले जातात, पासबुक मोबाइलवर दिसतं. पगार 21,000 पर्यंत असेल तर ईएसआयचं, म्हणजे कामगार विम्याचं, कार्ड मागा. टिप एकत्र वाटतात की ज्याची त्याला? लग्नाच्या हंगामात आठवड्याची सुट्टी बदलून मिळते की बुडते? एका ठिकाणी, जिथे मी मधे सहा महिने होतो, ठेकेदाराने चार महिने पीएफ कापला आणि भरलाच नाही. मला ते सोडल्यावर कळलं, कारण मी पासबुक कधी उघडलंच नव्हतं.

गेल्या पोळ्याला आईला मैदान दाखवायला आणलं. ती ग्रीनच्या कडेला बसली, हात फिरवला आणि म्हणाली, “काहून रे, एवढी बारीक कशी कापता?” मी मोवर चालवून दाखवला. ती बराच वेळ बघत राहिली. मग तिला कडेच्या फुलझाडांच्या वाफ्यात हरळीची एक कांडी घुसलेली दिसली, आणि सवयीने तिने ती मुळासकट उपटून माझ्या हातात दिली. वाफ्यातली कांडी काढायलाच हवी होती. ग्रीन आणि वाफा यांच्यामधली ती कड दर पंधरा दिवसांनी फावड्याने कापावी लागते, आणि नव्या मुलांना आम्ही पहिलं काम तेच देतो. येताना गमबूट स्वतःचे आणा, स्टोअरमध्ये मापाचे मिळतीलच असं नाही.