जर्मनीतल्या क्वार्कचं श्रीखंड: माझा अनुभव

२०२५ चा पाडवा रविवारी, ३० मार्चला होता. आठ मित्रमैत्रिणी जेवायला येणार होत्या. इथे जर्मनीत रविवारी दुकानं बंद, म्हणून शुक्रवारीच थोडं श्रीखंड करून पाहिलं. चक्क्याऐवजी मागरक्वार्क घेतलं, म्हणजे जवळजवळ बिनस्निग्धांशाचं क्वार्क (चक्क्यासारखं मऊ, ताजं जर्मन चीज). साखर घालून फेटलं आणि दहा मिनिटांत पातेल्यात पातळ ताकासारखं काहीतरी! चवीलाही रवाळ.

आईला फोन केला. ती म्हणाली, "अगं, साखर घातली की चक्का पाणी सोडणारच. आधी टांगलास का?" टांगला नव्हता.

शनिवारी ४० टक्केवालं क्वार्क आणलं, अर्ध्या किलोचे चार डबे. (हे ४० टक्के कोरड्या भागातले असतात; प्रत्यक्षात स्निग्धांश साधारण दहा-अकरा टक्केच.) धुतलेल्या पंच्यात बांधून चाळणीत ठेवलं, खाली पातेलं, वर वाटीचं वजन, आणि सगळं रात्रभर फ्रीजमध्ये. सकाळी पातेल्यात भरपूर पिवळसर निवळी जमली होती आणि पंच्यात बोट रुतेल असा घट्ट गोळा. दळलेली साखर थोडी थोडी घालत, चाखत गेले, मग सगळं बारीक चाळणीतून घासून काढलं. पुरणयंत्र असतं तर हात दुखले नसते. कोमट दुधातलं केशर आणि वेलची शेवटी.

संध्याकाळी पुऱ्या तळेपर्यंत श्रीखंडाला पाणी सुटलं नव्हतं. उरलेली निवळी मी पुरीच्या कणकेत वापरली होती.