वासासाठी कॅनॅबिसची निवड: आधी नाक, मग अहवाल

टर्पीन्सचा, म्हणजे झाडाला वास देणाऱ्या संयुगांचा, प्रयोगशाळेचा अहवाल हातात पडण्याआधी कॅनॅबिसच्या (गांजाच्या) झाडाचा वास वहीत उतरवून ठेवा. परवान्याच्या शेतात पैदाशीचं काम करताना मी हा नियम कधीच मोडत नाही. ‘लिमोनीन (लिंबासारख्या वासाचं टर्पीन) जास्त’ असं एकदा वाचलं की नाकाला जिथेतिथे लिंबूच जाणवायला लागतं.

वास सकाळी, ऊन चढायच्या आत घ्या, आणि प्रत्येक झाडाच्या शेंड्याकडचाच फुलोरा निवडा. खालच्या फुलाची वरच्याशी तुलना करण्यात अर्थ नाही. फूल बोटांत हलकं चुरडून लगेच हुंगा, मग थोड्या वेळाने तीच बोटं परत हुंगा. या दोन नोंदी वेगळ्या लिहा. आधी उडतात ती हलकी मोनोटर्पीन्स: पायनीन, मिर्सीन, लिमोनीन, टर्पिनोलीन. मागे राहतो तो कॅरिओफिलीनसारख्या जड सेस्क्विटर्पीन्सचा मिरी-लवंगेकडे झुकणारा वास. चार-पाच झाडं झाली की हात पुसा आणि नाकाला विश्रांती द्या.

वाळवल्यावर हे सगळं पुन्हा करा. सुकताना हलकी टर्पीन्सच जास्त जातात, म्हणून शेतात घमघमणारं झाड बरणीत अगदी फिकं निघू शकतं. माझा अंतिम निर्णय बरणीवरच होतो.

आता अहवाल उघडा. एकूण टर्पीन किती, यापेक्षा त्यांचं एकमेकांशी प्रमाण पाहा, कारण वास त्यातून घडतो. कॅरिओफिलीन आणि ह्युम्युलीन (तेही एक सेस्क्विटर्पीन) बहुतेक वेळा जोडीनेच वरखाली होताना दिसतील. एकच एन्झाइम दोन्ही बनवतं. ‘कॅरिओफिलीन हवं, ह्युम्युलीन नको’ अशा निवडीत वर्षं घालवू नका.

आणि अहवाल साधा दिसला म्हणून तीव्र वासाचं झाड उपटू नका! स्कंक या दुर्गंधी फवारणाऱ्या प्राण्यासारखा तो उग्र दर्प मुख्यतः गंधकयुक्त संयुगांचा असतो, हे 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखवलं. टर्पीनच्या चाचणीत ती संयुगं दिसतच नाहीत. अशी झाडं केवळ आकड्यांपायी जातात, याचं मला फार वाईट वाटतं.

कॅनॅबिसची नर आणि मादी झाडं वेगळी असतात, आणि नराची पारख अवघड. त्याच्या फुलांवर राळेच्या ग्रंथी, जिथे वासाची संयुगं बनतात, फार कमी असतात; देठ चोळून जो वास येतो तो फक्त अंदाज. एकाच नराचे परागकण वासाची नीट ओळख असलेल्या दोन-तीन माद्यांवर घाला आणि त्यांच्या लेकी हुंगा. पराग वाऱ्याने उडतो, तेव्हा फांदीला कागदी पिशवी बांधा आणि नर लांब ठेवा.

दुसऱ्या पिढीत, म्हणजे पहिल्या संकराच्या रोपांचा आपसात संकर करून मिळणाऱ्या रोपांत, वास सर्वाधिक विखुरतात, म्हणून तिथे जितकी जमतील तितकी रोपं लावा. फुलोरा येण्याआधीच प्रत्येक रोपाची एक कलम काढून तिला वहीतलाच क्रमांक द्या. झाड एका हंगामाचं असतं. बरणीतला वास पसंत पडेपर्यंत ते कापलेलं असतं, आणि पुढच्या संकरासाठी तुमच्याकडे ती कलमच असते.