क्यूबेकमधले पूर्वज शोधताय? या चुका टाळा

क्यूबेकमधल्या फ्रेंच-कॅनेडियन घराण्याची वंशावळ काढणाऱ्याच्या हाताशी कागद भरपूर असतो. कॅथलिक धर्मगुरूंनी बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांच्या नोंदी सतराव्या शतकापासून लिहून ठेवल्या, आणि १६७९ पासून नोंदवहीची दुसरी प्रतही ठेवली जाऊ लागली. तरीही काही पिढ्या मागे गेलं की गाडी अडते, आणि बहुतेक वेळा ती नावापाशीच अडते.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे एकच आडनाव धरून मागे जात राहणं. पिएर उदाँ दी बोल्यू हे नाव घ्या. हा कारिन्याँ-सालिएर पलटणीतला सैनिक. ती पलटण १६६५ साली न्यू फ्रान्समध्ये, म्हणजे फ्रान्सच्या उत्तर अमेरिकेतल्या वसाहतीत, उतरली आणि तिच्यातले सुमारे चारशे जण तिथेच राहिले. नावातला 'दी' म्हणजे आपल्या सातबाऱ्यावरचा 'ऊर्फ'. सैनिकांना पलटणीत टोपणनावं पडायची: लाफ्लर, सांसूसी, लाव्हियोलेत. पुढच्या पिढ्यांत कुणी मूळ आडनाव चालवलं, कुणी टोपणनाव, तर कुणी दोन्ही आलटून पालटून लावली. पिएरचे वंशज आज उदाँही आहेत आणि बोल्यूही. सख्ख्या भावांची लग्नं दोन वेगळ्या आडनावांखाली नोंदलेली सापडतात, तेव्हा शोध दोन्ही नावांनी घ्या. पण सगळ्या लाफ्लरांना एकाच झाडावर टांगू नका! एकमेकांशी काही नातं नसलेल्या कितीतरी घराण्यांनी ते नाव लावलं आहे.

बाईला नवऱ्याच्या आडनावाने शोधायची आपली सवय इथे नडते. क्यूबेकच्या नोंदींत बाई दफनापर्यंत माहेरच्याच नावाने असते, नवरा 'अमक्याची पत्नी' किंवा 'अमक्याची विधवा' एवढ्यापुरता येतो. सीमेपलीकडे अमेरिकेच्या जनगणनेत मात्र तीच बाई नवऱ्याच्या आडनावाखाली जाते.

एका घरात पाच जोसेफ आणि चार मारी दिसल्या तर नोंद चुकली असं समजू नका. एकोणिसाव्या शतकात जवळपास प्रत्येक मुलाच्या बाप्तिस्म्यात जोसेफ आणि मुलीच्या बाप्तिस्म्यात मारी असायचंच, त्यात बऱ्याचदा धर्मपिता किंवा धर्ममातेचं नाव जोडलं जायचं, आणि हाक मारायचं नाव बहुधा शेवटी. बाळ दगावलं तर पुढच्या भावंडाला तेच नाव देण्याचीही रीत होती. बाप्तिस्मा सापडला की ते मूल लहानपणी गेलं नाही ना, हे दफनाच्या नोंदींत बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका.

तारखेतली एक चूक हमखास होते. सात या आकड्याला 'ब्र' जोडलेलं दिसलं की लोक जुलै लिहून मोकळे होतात. तो सप्टेंबर, फ्रेंच 'सेप्ताम्ब्र'चं लघुरूप; फ्रेंचमध्ये सात म्हणजे 'सेप्त'. तसंच आठ-ब्र ऑक्टोबर, नऊ-ब्र नोव्हेंबर.

पूर्वज न्यू इंग्लंडमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या ईशान्य टोकाच्या राज्यांत, एकदम 'उगवला' असेल तर तो बहुधा गिरणीत कामाला आलेला क्यूबेककर. १८४० ते १९३० या काळात सुमारे नऊ लाख लोक क्यूबेक सोडून अमेरिकेत गेले, आणि बऱ्याच जणांची नावं तिथे भाषांतरित झाली. रुआ किंग झाला, लब्लाँ व्हाइट, ब्वाव्हेर ग्रीनवुड. तेव्हा इंग्रजी आडनावाचं फ्रेंच रूप करून बघा.

एवढं करूनही अडलात तर माझा सल्ला एकच: जन्माची नोंद सोडा, लग्नाची धरा. लग्नाच्या नोंदीत साधारणपणे वधू-वर दोघांच्या आईबापांची नावं असतात, आईचं माहेरचं आडनाव धरून. त्या आईबापांचं लग्न शोधा, मग त्यांच्या आईबापांचं. नवरा-बायकोची जोडी जुळली की आडनावातला घोळ आपोआप ओळखू येतो, कारण नवरा आणि बायको दोघांचीही आडनावं एकाच वेळी बदललेली असणं दुर्मीळ. साखळी तुटते ती विधुर-विधवांच्या पुनर्विवाहात. तिथे अनेकदा आईबापांऐवजी आधीच्या जोडीदाराचं नाव दिलेलं असतं, म्हणून पहिलं लग्न गाठावं लागतं. तेही मिळेना, तर नोटरीकडचा विवाहकरार बघा. त्यात नातेवाईक साक्षीदार म्हणून नात्यासकट नोंदलेले असतात.