तळघराच्या अरुंद जिन्याच्या भिंती: माझा अनुभव

आमच्या तळघराचा जिना जेमतेम 75 सेंटिमीटर रुंद. भिंतींचे पोपडे निघत होते, खांदा घासला की शर्टावर पांढरी भुकटी. आधी पॅनेल लावायचं ठरवलं होतं. पण फ्रेमसकट दोन्हीकडून पाच-पाच सेंटिमीटर गेले असते, शिवाय मागे ओल कोंडून बुरशी धरली असती. ते रद्द केलं.

मग हातभर प्लास्टिक चारही कडांना टेप लावून भिंतीवर चिकटवलं. दोन दिवसांनी काढलं तर आतल्या बाजूला दवासारखे थेंब! म्हणजे ओल भिंतीतूनच येत होती. ही चाचणी केल्याशिवाय रंगाचा डबा उघडूच नका, अगदी कळकळीने सांगतो.

सुटं प्लास्टर खरवडलं. ओलीबरोबर भिंतीवर आलेले पांढरे क्षार कोरड्या ब्रशनेच झाडले, कारण पाण्याने ते विरघळून पुन्हा आत मुरतात. भेगा भरल्या, भिंत ओलसर करून सिमेंटच्या वॉटरप्रूफिंगचे दोन हात दिले, एक आडवा, एक उभा. जिप्समची पुट्टी टाळली, ओलीत ती टिकत नाही. पूर्ण वाळल्यावर फिकट रंग दिला. पायऱ्यांवर शिडी उभी करणं धोक्याचं, म्हणून रोलरलाच लांब दांडी जोडली.