सुरी-कोयता घराबाहेर नेताना

‘पातं नऊ इंचांच्या आत आहे ना, मग पोलीस काही करत नाहीत’ हा समज अर्धवट आहे. महाराष्ट्रात इथे दोन कायदे लागू होतात, आणि भाजी चिरायची सुरी अडकते ती दुसऱ्यात.

पहिला शस्त्र अधिनियम, १९५९. बातमीत ‘कलम ४, २५’ असतं ते यातलं. तलवार, खंजीर, गुप्ती आणि ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याचे सुरे यात येतात. ‘किंवा’ महत्त्वाचं: आखूड पण रुंद पातंही चालत नाही. मोजायचं फक्त पातं, मूठ नाही. घरकामासाठी किंवा शेतीसाठीच बनवलेली अवजारं यातून वगळली आहेत, म्हणून उसाचा कोयता इथे सुटतो.

दुसरा महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१. कलम ३७(१) खाली पोलीस आयुक्त किंवा जिल्हादंडाधिकारी मनाई आदेश काढतात. सणवार, निवडणुका, मोर्चे असले की हमखास. त्यात इंचांचा हिशेब नाही. चाकू, काठी, इजा करता येईल अशी कोणतीही वस्तू मनाईत येते. मोडला तर कलम १३५: एक वर्षापर्यंत कैद, एरवी चार महिन्यांपेक्षा कमी नाही, शिवाय दंड.

म्हणून निघण्याआधी आपल्या आयुक्तालयाचा किंवा जिल्ह्याचा ताजा आदेश बघा. पातं जाड कापडात किंवा पुठ्ठ्यात गुंडाळून सुतळीनं बांधा आणि कामाच्या बाकीच्या अवजारांबरोबर पिशवीच्या तळाशी, गाडी असेल तर डिकीत ठेवा. कमरेला, खिशात, सीटखाली नको. केटरिंगवाल्यांनी ऑर्डरची चिठ्ठी, नव्या सुरीचं बिल जवळ ठेवावं. खरी चूक परतीच्या वाटेवर होते: धार लावून आणलेली सुरी तशीच खिशात, आणि रात्री अकराला टपरीवर गप्पा. तिथे ‘कामाची आहे’ हे कुणाला पटवणार?

शिखांना कृपाण बाळगण्याची मुभा राज्यघटनेच्या अनुच्छेद २५ मध्येच आहे. देशांतर्गत विमानात मात्र तिचं पातं ६ इंच आणि एकूण लांबी ९ इंच, याच्या आतच हवी. इतरांनी सुरी चेक-इन बॅगेत टाकावी.

पोलिसांनी जप्त केलीच तर हुज्जत घालू नका. पंचनाम्यात पात्याची लांबी-रुंदी आकड्यात लिहिलीय का ते बघा, वाचल्याशिवाय सही करू नका. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ नुसार झडती-जप्तीचं चित्रीकरण बंधनकारक आहे. ते झालं नसेल तर वकिलाला पहिल्याच भेटीत सांगा.