उंच कमानीच्या पायांसाठी बूट

ओला पाय शहाबादी फरशीवर टेकवून उचला. टाच आणि चवडा उमटला, पण मधला पट्टा बोटाएवढा बारीक किंवा गायबच असेल, तर तळव्याची कमान उंच आहे. मग भार टाच-चवड्यावरच पडतो. साताऱ्याजवळचा यवतेश्वरचा घाट उतरताना आग होते ती तिथंच. मऊ गादीचा ‘न्यूट्रल’, म्हणजे पायाला कुठल्याच बाजूला न ढकलणारा बूट घ्या. आतली कड मुद्दाम कडक केलेला बूट नकोच, कारण असे पाय बहुधा आधीच बाहेरच्या कडेवर झुकतात. खरेदी संध्याकाळी, पाय थोडे फुगलेले असताना करा. अंगठ्यापुढे १ सेंमी जागा हवी. आतला सोल निघणारा बघा, म्हणजे कमानीला टेकणारा दुसरा घालता येतो. पायाच्या वरच्या उंचवट्यावर नाडी काचली, तर तेवढ्या भोकांपाशी फुली न घालता ती त्याच बाजूनं सरळ वर न्या.