पिकअपचा सडलेला हौदा काढून नवा कसा बसवायचा

"हौदा बदलू की पॅच मारून चालवू?" हा प्रश्न आला की सोबत फोटो येतो तो हमखास साईडच्या फाळक्याचा. अरे हौदा म्हणजे केबिनमागचा माल भरायचा अख्खा भाग, फाळका म्हणजे त्याची उघडणारी बाजू, नुसता फाळका बघून काय कळणार? फाळका चेपला, फुटला, कडी तुटली तरी तो बिजागऱ्यांवर लटकलेला असतो, पिना काढा, दुसरा लावा, विषय संपला. हौदा मरतो तो खालून, पत्र्याच्या पोटाला ज्या आडव्या चॅनेल म्हणजे पत्रा पेलणारे लोखंडी दांडे असतात ना तिथून, आणि तिथला फोटो कोणीच पाठवत नाही कारण त्यासाठी गाडीखाली झोपावं लागतं.

तर आधी झोपा. गाडी सपाट जागी, रिकामी, हँडब्रेक लावून चाकांना दगड. टॉर्च आणि छोटी हातोडी घ्या. प्रत्येक आडवी चॅनेल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ठोकत जायची. चांगलं लोखंड टणटण वाजतं, सडलेलं भद् असा आवाज देतं आणि काळपट तांबडे पापुद्रे डोळ्यात पडतात म्हणून चष्मा लावा, फुशारकी नको. तीन जागा नीट बघायच्या, एक मागच्या चाकांच्या बरोबर वर, कारण चाकाचा सगळा चिखल तिथे उडतो, दुसरी केबिनच्या पाठीमागची पहिली चॅनेल जिथे कचरा आणि माती साचून कायम ओल राहते, आणि तिसरी शेवटची मागची चॅनेल, कारण लोक फाळका पाडून त्याच्यावर पाय देऊन चढतात, माल आपटतात. टोचा घेऊन दाबून बघा, आरपार गेला तर पुढे बोलायलाच नको.

मुंबईत अजून एक भानगड आहे. भाऊच्या धक्क्यावरनं किंवा ससून डॉकवरनं मासळी भरणाऱ्या गाड्यांचा हौदा भाजीच्या गाड्यांच्या आधी जातो, कारण बर्फ वितळून खारं पाणी पत्र्याच्या जोडातून खाली झिरपतं आणि चॅनेलच्या आत जाऊन बसतं, वरून धुतलं तरी आत तसंच. वर पत्र्याला रंग चकचकीत आणि खाली भुसा, अशा गाड्या मी बघितल्यात. असा माल भरत असाल तर दर पावसाळ्याआधी खालून बघायची सवय लावा.

आता निर्णय. एखाददुसरी चॅनेलच गेली असेल आणि बाकी ठोकून चांगली वाटत असतील तर तेवढ्या कापून नव्या वेल्ड करा, हौदा बदलायचा खर्च करू नका. नुसता तळाचा पत्रा गेलाय पण चॅनेल मजबूत, तर पत्रा बदला, पण जुन्या सडक्या पत्र्यावर नवा पत्रा अंथरून देणारे कारागीर खूप आहेत त्यांना नाही म्हणा. दोन पत्र्यांच्या मध्ये पाणी अडकतं आणि नवा पत्रा खालून कुजायला लागतो, वजन दुप्पट ते वेगळंच. निम्म्याहून जास्त चॅनेल भुसा असतील, किंवा अपघातात हौदा पिळला असेल म्हणजे कोपऱ्याकोपऱ्याचं माप जुळत नसेल, तर मात्र अख्खा काढायचा.

अपघाताचं काम असेल आणि इन्शुरन्समध्ये टाकायचं असेल तर एकही नट उघडू नका. आधी कंपनीला कळवा, फोटो काढा, सर्व्हेयर येऊन बघू दे मग खोला. झिरो डेप म्हणजे घसारा न कापणारी पॉलिसी नसेल तर पत्र्या-लोखंडाच्या पार्टवर गाडीच्या वयाप्रमाणे घसारा कापतात, पाच वर्षांपर्यंत वाढत वाढत ३५ टक्के, पाच ते दहा वर्षांच्या गाडीला ४० आणि दहाच्या वर ५० टक्के, त्यामुळे जुन्या गाडीचा पूर्ण खर्च मिळेल ही आशा सोडा. आणि कमर्शियल गाडीच्या पॉलिसीत आयएमटी २३ हे कलम घेतलेलं नसेल तर मडगार्ड, बंपर, रंगकाम असल्या गोष्टी पार्शल क्लेममध्ये, म्हणजे गाडी पूर्ण न जाता थोडं नुकसान झालं तर, धरत नाहीत, ते आधीच वाचून ठेवा म्हणजे सर्व्हेयरशी वाद घालावा लागत नाही. गंजाने सडला असेल तर क्लेमच्या नादी लागूच नका, झीज आणि गंज पॉलिसीत बसत नाही.

नवा हौदा कुठून आणायचा? तीन रस्ते. कंपनीचा तयार हौदा, महाग पण भोकं जुळतात. दुसरा, कुर्ल्याला सीएसटी रोडकडे जुना उतरवलेला, तिथे नशीब असेल तर चांगला मिळतो, पण टेप घेऊन जा. एकाच नावाच्या गाडीत आठ फुटी आणि नऊ फुटी हौदे असतात, मॉडेल बदललं की माउंटिंगच्या भोकांचं अंतर बदलतं, दुकानदार "बसेगा भाई, सब बसता है" म्हणेल, त्याच्या शब्दावर जाऊ नका, तुमच्या चेसिसवरची, म्हणजे गाडीच्या खालच्या लोखंडी सांगाड्यावरची, पहिल्या ते शेवटच्या ब्रॅकेटची मापं कागदावर लिहून न्या. आणि बिल मागा, बिल देत नसेल तर तो हौदा कुठल्या गाडीचा ते तुम्हाला माहीत नाही एवढंच समजा आणि निघा.

तिसरा रस्ता म्हणजे बॉडीवाल्याकडून बनवून घेणं. पत्रा आणि चॅनेल रे रोडला दारूखान्यात किंवा कळंबोलीच्या लोखंड बाजारात मिळतात. इथे सगळ्यांना जाड पत्र्याची हौस. हिशोब करा ना, लोखंडाचा २ मिलीचा पत्रा चौरस मीटरला साधारण १५.७ किलो, ३ मिलीचा २३.५ किलो. नऊ फूट बाय साडेपाच फूट म्हणजे जवळपास ४.६ चौरस मीटर तळ झाला, तर नुसत्या तळातच ३५ किलोच्या वर फरक, फाळके पण जाड केले तर अजून वाढला. तेवढा माल तुम्ही रोज कमी भरणार किंवा रोज ओव्हरलोड चालणार. माझं मत विचाराल तर तळ चेकर्ड प्लेटचा म्हणजे उठावाची नक्षी असलेल्या पत्र्याचा, फाळके पातळ पत्र्याचे पण त्यांना घडी मारून ताकद दिलेली, आणि चॅनेल जवळजवळ. जाडी पत्र्यात नाही, चॅनेलमध्ये घाला.

हौदा काढायचं काम गल्लीत रस्त्यावर करू नका, ट्रॅफिकवाला, सोसायटीवाले, महापालिका, सगळे एकदम येतात, आणि वर उचललेला हौदा अर्धवट सोडून गाडी हलवता येत नाही. चेन पुली टांगता येईल असा शेड असलेलं गॅरेज बघा. आदल्या दिवशी सगळ्या बोल्टवर गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवा, रात्रभर मुरू दे.

सुरुवात बॅटरीपासून, आधी निगेटिव्ह टर्मिनल काढा, कारण पुढे वेल्डिंग होणारच आहे आणि हल्लीच्या बीएस ६ गाड्यांचा ईसीएम म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर वेल्डिंगच्या करंटने उडाला तर हौद्यापेक्षा महाग पडेल. मग टेललाईटचे कपलर, नंबरप्लेटचा बल्ब, रिव्हर्स हॉर्न, आणि ती एक अर्थिंगची काळी वायर जी हौद्याला नटाने कसलेली असते, ती सगळे विसरतात आणि हौदा उचलताना अख्खी वायरिंग ताणून येते. काढण्याआधी मोबाईलवर फोटो काढून ठेवा, कुठली वायर कुठे ते. डिझेलच्या टाकीचं तोंड हौद्याला बांधलेलं असेल तर तो क्लिप सोडवा. मडगार्ड, स्टेपनी, जे जे हौद्याला लागलंय ते आधी उतरवा.

सीएनजी गाडी असेल तर सिलेंडरला स्वतः हात लावायचा नाही. मुंबईत अर्ध्या टेम्पोंना सीएनजी आहे म्हणून सांगतो, सिलेंडर आणि पाईप किटवाल्याकडून सोडवून बाजूला ठेवा, काम झालं की त्याच्याकडूनच बसवून लीकेज तपासून घ्या. आणि सिलेंडर निघालाच आहे तर हायड्रो टेस्टची म्हणजे पाण्याच्या दाबाने सिलेंडर तपासायची तारीख बघा, दर ३ वर्षांनी ती करायचीच असते, एका खोलण्यात दोन्ही कामं होतील.

आता बोल्ट. काही गाड्यांना यू बोल्ट असतात, काहींना ब्रॅकेटवर सरळ बोल्ट. सुटला तर सुटला, नाहीतर त्याच्याशी कुस्ती खेळत बसू नका, ग्राइंडरने कापा, कारण ते बोल्ट परत वापरायचेच नाहीयेत. गॅसने तापवून सोडवायची सवय असते मेस्त्री लोकांना, पण चेसिसच्या आतल्या बाजूने ब्रेकचा पाईप आणि डिझेलची लाईन जाते, ती बघितल्याशिवाय ज्योत लावू देऊ नका. ग्राइंडर चालवताना टाकीवर आणि पाईपवर ओलं गोणपाट, बाजूला फायर एक्स्टिंग्विशर किंवा कमीतकमी वाळूची बादली.

उचलायच्या आधी फाळके काढून टाका, वजन बरंच उतरतं. मग चार कोपऱ्यांना पट्टा, कोपऱ्याकोपऱ्यातून सारखा ताण, आणि चेन पुलीने आधी फक्त दोन-तीन इंच वर घेऊन थांबा. खाली बघा, कुठे वायर, पाईप, राहिलेला बोल्ट अडकलाय का. मगच वर घ्या आणि गाडी पुढे ढकलून बाहेर काढा. पुली नसेल तर सहा-आठ माणसं लागतील आणि त्यातला एकच माणूस आवाज देणार, बाकी सगळे गप. वर लटकलेल्या हौद्याखाली कोणी जायचं नाही, चहावाला आला तरी नाही.

हौदा निघाला की घाई करून नवा चढवू नका. चेसिस अशी उघडी परत कधी मिळणार? वायर ब्रशने घासा, स्प्रिंगच्या पाट्या जिथे लटकतात त्या हँगरजवळ, क्रॉस मेंबरच्या जोडावर, रिव्हेटच्या भोवती तडा आहे का ते बघा, तडा दिसला तर हौद्याचं काम थांबवून आधी चेसिसवाल्याला दाखवा. चेसिस नंबर जिथे पंच केलेला असतो तिथे ग्राइंडर अजिबात फिरवू नका आणि रंगाचा जाड थर पण नको, तेवढ्या जागेला नुसतं ग्रीस फासा. आरटीओच्या फिटनेस तपासणीला तो नंबर वाचता आला नाही तर नवीन हौद्याचं कौतुक कोणी करणार नाही. बाकी सगळ्याला गंज घालवून प्रायमर, मग चेसिस ब्लॅक, आणि पूर्ण वाळू दे. पावसाळ्यात दमट हवेत नेहमीपेक्षा जास्त वेळ द्या, शक्यतो हे काम मे संपायच्या आत उरका.

बसवताना चेसिस आणि हौद्याच्या मध्ये रबर पॅड किंवा कंपनीने दिलं असेल ते पॅकिंग नवीन टाकायचं. लोखंडावर लोखंड ठेवलं की खड्ड्यात घासून रंग जातो आणि परत गंज तिथूनच सुरू. हौदा खाली आणला की बोल्ट नुसते हाताने चढवा, कसू नका. आधी गुण्यात म्हणजे कोपरे काटकोनात आहेत का बघा, पुढच्या डाव्या कोपऱ्यापासून मागच्या उजव्या कोपऱ्यापर्यंत सुतळी धरा, मग उलट बाजूने, दोन्ही मापं सारखी यायला पाहिजेत. केबिन आणि हौद्यामधली फट दोन्ही बाजूंना सारखी, कारण वळणावर आणि खड्ड्यात केबिन आणि हौदा वेगवेगळे हलतात, फट कमी असेल तर आपटतात. चाकावरची जागा पण बघा, भरल्यावर गाडी खाली बसणार आहे.

बोल्ट ८.८ ग्रेडचे घ्या, डोक्यावर आकडा कोरलेला असतो, सोबत नायलॉन लॉकनट. यू बोल्ट असेल तर चेसिसच्या उघड्या चॅनेलच्या आत ठोकळा घाला, नाहीतर कसताना चॅनेलचे काठ आत चेपतात. चेसिसच्या वरच्या-खालच्या काठाला नवीन भोक पाडायचं नाही आणि हौदा चेसिसला वेल्ड तर अजिबात करायचा नाही, मेस्त्री कितीही म्हणाला की "साहेब हलणार नाही". चेसिस वाकायलाच बनवलीय, वेल्ड करून अडवली की बाजूला तडा जाणार. हौद्याच्या स्वतःच्या वेल्डिंगला अर्थचा क्लॅम्प वेल्डच्या शेजारीच लावा, चाकाला किंवा गिअरबॉक्सला नको, करंट बेअरिंगमधून जातो.

वायरिंग जोडा, अर्थची जागा घासून चकचकीत करून नट कसा, नाहीतर इंडिकेटर दिला की ब्रेकलाईट मिणमिणते आणि लोक बल्ब बदलत बसतात. रिफ्लेक्टिव्ह टेप पुढे पांढरी, बाजूंना पिवळी, मागे लाल. पेंटरला मागच्या फाळक्यावर आई एकवीरा, खंडोबा, पोरांची नावं काय हवं ते काढू दे, फक्त "हॉर्न ओके प्लीज" नको, ते महाराष्ट्रात २०१५ लाच बंद केलंय.

आरटीओचं म्हणाल तर जसा होता तसाच, त्याच मापाचा हौदा बसवला तर फेरफार होत नाही. पण उंची वाढवली, उघड्या हौद्याचा बंद कंटेनर केला, लांबी वाढवली, तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ लागतं, आधी परवानगी आणि मग आरसीवर नोंद. न करता फिरलात तर फिटनेसला अडकाल, आणि ट्रान्सपोर्ट गाडीला ८ वर्षांपर्यंत दर २ वर्षांनी आणि नंतर दरवर्षी तिथे जावंच लागतं. बिल, पत्र्याच्या जाडीसकट, गाडीतच ठेवा. एकदा रिकामी गाडी वजनकाट्यावर नेऊन वजन करा, आरसीवरच्या रिकाम्या वजनापेक्षा बरंच वाढलं असेल तर मागच्या ॲक्सलला लोड सेन्सिंग ब्रेक व्हॉल्व्ह (वजनाप्रमाणे मागचा ब्रेक कमीजास्त करणारा) आहे का ते मेकॅनिकला विचारून सेटिंग तपासून घ्या.

पहिले काही दिवस अर्धाच माल भरा. सायन-पनवेल हायवेवर, जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडवर धक्के खाल्ले की नवीन रबर बसतं आणि बोल्ट सैल पडतात, म्हणून साधारण ५०० किलोमीटरला परत एकदा सगळे कसायचे, प्रत्येक नटावर पांढऱ्या रंगाची रेघ मारून ठेवली तर पुढच्या वेळी नुसतं बघून कळतं कुठला फिरला. तळाच्या पाणी जायच्या भोकांत माती बसू देऊ नका.

जुना हौदा भंगारवाल्याला देताना त्याच्या तराजूवर नको, तुम्ही गाडी काट्यावर नेणारच आहात तर तिथेच वजन घ्या. आणि बिजागऱ्या, पिना, साखळ्या, चांगला असलेला एखादा फाळका काढून घ्या, भंगारात त्याचे किलोचे पैसे मिळतील आणि दुकानात तीच बिजागरी घ्यायला गेलात तर नगाचा भाव लावतील.